कंट्रोलचा वाफा

डिसेंबर लागला की आमचे सर पिवळे व्हायचे. कावीळ नव्हे, सदरा. ज्वारीवर मावा पडायचे दिवस आले की त्यांच्या अंगावर दुसरा रंग दिसत नसे. पंख फुटलेल्या माव्याला पिवळ्या रंगाची ओढ असते, हे कीटकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. बाकीचे लोक ते वाचून शेतात पिवळे चिकट सापळे टांगतात. सर स्वतःच सापळा होऊन शेतात शिरत. सकाळी प्लॉटमधून एक चक्कर मारून बांधावर येत, माझ्याकडं पाठ करून उभे राहत आणि म्हणत, "बघा बरं मॅडम, कुणी बसलंय का?" मग मी भिंग काढून आमच्या साहेबांची पाठ तपासायची. नोकरीच्या जाहिरातीत हे काम लिहिलेलं नव्हतं, पण मी ते केलं.

मी कंधारची. शेतकीचं शिक्षण संपवून लातूरजवळ, मुरुडच्या बाजूला, एका संशोधन शेतावर सरांची सहायक म्हणून लागले, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी साहेबीण झाली. ती दिवसभर ज्वारीच्या पोंग्यात डोकं घालून उभी असते, हे त्यांना कळायला वेळ लागला. सर मूळचे नांदेडचे. बोलणं अर्धं पुस्तकातलं, अर्धं नांदेडच्या गल्लीतलं. उंची बेताची, डोळे बारीक आणि गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग. लग्नात, मयतीत, बँकेत, सगळीकडं ते भिंग असायचंच. एकदा मुरुडच्या हॉटेलात त्यांनी पोह्यांवरची कोथिंबीर भिंगाखाली धरली आणि मालकाला बोलावून सांगितलं, "अभिनंदन. तुमच्या कोथिंबिरीवर मावा आहे." मालकानं बशी उचलून नेली. सरांना ते फार लागलं. त्यांना खरोखर अभिनंदनच करायचं होतं.

मावा ही त्यांच्या लेखी कीड नव्हतीच. पाहुणा होता. सकाळी ऑफिसात आल्याआल्या नमस्काराच्या जागी ते विचारत, "पाहुणे आले का?" आले म्हटलं की चेहरा उजळायचा, नाही म्हटलं की चहा अर्धा राहायचा. नवीन माणसाला वाटायचं, ह्यांच्या घरी काही कार्य निघालं असावं. आता गंमत अशी, की शेतकरी देवाला हात जोडतो ते मावा येऊ नये म्हणून, आणि माव्यावर प्रयोग करणारा माणूस हात जोडतो तो यावा म्हणून. मावाच आला नाही तर औषध मारायचं कशावर, आणि गुण आला हे ठरवायचं कसं?

प्रयोग तसा साधा होता. मावा पान कुरतडत नाही. तो पानात सोंड खुपसून रस पितो आणि त्यातलं बरंचसं गोड पाणी मागच्या दारानं सोडून देतो. तोच पानावरचा चिकटा. त्यावर काळी बुरशी चढते, पान काळवंडतं, कणीस भरत नाही. मग लोक औषध मारतात, पुन्हा मारतात, आणि शेजाऱ्यानं मारलं म्हणून आणखी एकदा मारतात. सरांचं म्हणणं होतं, पिकाला सिलिकॉन द्या. वाळूत असतं तेच, फक्त पिकाला पिता येईल अशा रूपात. ते पानाच्या सालीत जाऊन बसतं, साल टणक होते आणि सोंड शिरता शिरत नाही. "मावा मरत नाही त्यानं, बेजार होतो," सर सांगायचे. "आणि बेजार झालेल्याला एक फवारणी पुरते." म्हणून काही वाफ्यांना नुसतं कीटकनाशक, काहींना नुसतं सिलिकॉन, काहींना सिलिकॉन आणि वर एकच फवारणी. उरलेल्या वाफ्यांना मात्र काहीच द्यायचं नाही. त्यांना कंट्रोल म्हणायचं. आपण जे केलं त्यानं फरक पडला का, हे कळायला काहीच न केलेलं पीक शेजारी उभं असावं लागतं.

हा कंट्रोल सरांच्या डोक्यात असा बसला होता, की तो शेतापुरता राहिला नाही. कुणी म्हणालं, अमक्या तेलानं माझे गुडघे दुखायचे राहिले, की सर विचारत, "दोन्ही गुडघ्यांना लावलं? मग कंट्रोल कुठंय?" स्वतःचे केस गळायला लागले तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, लातूरहून कसलंसं तेल मागवलं. सरांनी ते फक्त डाव्या बाजूला लावलं. उजवी बाजू कंट्रोल. यथावकाश दोन्ही बाजू सारख्याच उजाड झाल्या आणि सर मोठ्या समाधानानं म्हणाले, "निष्कर्ष स्पष्ट आहे." काकू एकदा वैतागून बोलल्या, "माझ्याशी लग्न झालं म्हणून माणसात आलाव तुम्ही." सरांनी सवयीनं विचारलं, "कंट्रोल कुठंय?" काकूंनी शेजारच्या खोलीकडं बोट दाखवलं. तिथं सरांचे धाकटे बंधू, बिनलग्नाचे, उलटा बनियन घालून भर दुपारी दाढीचा साबण शोधत होते.

पण एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचत असे, आणि ती ते थट्टेतही बोलत नसत. आमच्या क्षेत्रात सलग तीन हंगाम निकाल एकसारखा आला, तर तो मोठ्या बैठकीत ठेवतात. मंजूर झाला की शेतकऱ्यांच्या पुस्तिकेत चार ओळींची शिफारस छापून येते. नाव येत नाही, पण त्या चार ओळी आपल्या. सरांची उभी नोकरी गेली आणि अशा चार ओळी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. एक प्रयोग अवकाळी पावसानं नेला, एक गावच्या म्हशींनी, एक बदलीनं. सिलिकॉनचा हा शेवटचा. पहिला हंगाम छान गेला होता. तिसरा संपता संपता सर निवृत्त होणार होते. म्हणजे मधे एकही हंगाम वाया घालवून चालणार नव्हतं.

आणि दुसऱ्या हंगामात मावा आला नाही.

सरांचा चेहरा वऱ्हाड न पोचलेल्या मांडवासारखा झाला. पिवळा सदरा घालून ते सकाळ-संध्याकाळ प्लॉटमधून फिरत, मी पाठ बघत असे, पाठीवर फक्त घाम. शेवटी त्यांनी जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा केला, मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि आम्ही रस्त्याकडेच्या वावरात माव्याची विचारपूस करत निघालो. "मावा आहे का?" सर विचारत. "न्हाई सर, देवाची कृपा," शेतकरी सांगे. "अरेरे," सर म्हणत. असं करत करत एकाच्या ज्वारीत खच्चून मावा सापडला. सर पानं उलटून बघतात आणि "वा! वा!" करतात, शेजारी तो बिचारा कपाळाला हात लावून उभा. "सर, हसूलालाव?" तो म्हणाला. सरांनी मनापासून त्याची क्षमा मागितली, कुठलं औषध किती मारायचं ते समजावून दिलं, आणि डबाभर माव्याची पानं मागून घेतली. आणलेली पानं आम्ही सगळ्या वाफ्यांत सारखी वाटून टाचण्यांनी टोचली. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

आठवडाभरात बातमी फिरली, की सरकारनं गावोगाव मावा सोडायला एक पिवळा माणूस नेमलाय.

मग एका सकाळी शेताच्या फाटकावर गर्दी जमली. पुढं आक्का. आमच्या प्लॉटच्या बांधाला बांध लागून तिचं वावर होतं. कर्ता थोरला मुलगा, पण वावरात शब्द आक्काचा. आवाज असा, की ती तिच्या विहिरीवरून बोलली तरी आमच्या ऑफिसात ऐकू यायची. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "सर, तुमी मावा पाळताव म्हणं. दूध देतो का त्यो?"

लोक हसले. सर हसले नाहीत. "देतो की," ते म्हणाले. "मुंग्या धार काढतात."

गर्दी तशीच सोडून त्यांनी आक्काला प्लॉटमध्ये नेलं, एक पान वाकवलं आणि गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं. ते भिंग दुसऱ्याच्या हातात गेलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आक्का बराच वेळ वाकून बघत राहिली. एक मुंगी एका माव्याच्या पाठीवर मिशांनी थोपटत होती. थोपटता थोपटता माव्याच्या मागून काचेसारखा थेंब आला आणि मुंगीनं तो पिऊन टाकला. "अगं माय!" आक्का म्हणाली. "खरंच धार काढूलालीय की!" फाटकावर येऊन तिनं सगळ्यांना सांगितलं, की माणूस येडा हाय पण खोटा न्हाई. गर्दी पांगली. तेव्हापासून येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सरांचं जेवण आक्काच्या वावरात ठरलेलं. दुसरा हंगामही निभला.

तिसऱ्या वर्षी पाहुणे न बोलावता आले, आणि असे आले, की सरांना आनंदानं जेवण सुचेना. कंट्रोलचे वाफे चिकट्यानं चमकत होते, खालची पानं काळी ठिक्कर. शेजारी सिलिकॉन आणि एक फवारणी दिलेले वाफे हिरवेगार. फरक बघायला भिंगही नको होतं, रस्त्यावरून जाणारी एसटीची माणसंसुद्धा माना वळवून बघत. सर कंट्रोलजवळ उभे राहून गुणगुणायचे. माव्यावर ताव मारायला ढालकिडे यायचे, त्यांच्यावर मात्र त्यांचा राग. निसर्गात हात घालायचा नाही हा त्यांचाच नियम, म्हणून हात न लावता ते ढालकिड्यावर हळूच फुंकर मारत. मी बघितलं की म्हणत, "वारा आहे आज." मग स्वतःचीच लाज वाटून सगळ्या वाफ्यांतल्या ढालकिड्यांवर सारखी फुंकर मारत फिरत.

आक्का रोज बांधावरून हे बघायची. "सर, तेवढं फवारा की. बघवंना."

"आक्का, तो कंट्रोल आहे. त्याला काही द्यायचं नसतं."

"हाव, हाव," आक्का मान हलवायची. आणि परत दुसऱ्या दिवशी, "सर, बघवंना."

येळवस आली. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळी माणसं वावरात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, उंडे, खीर, आंबील खाऊन झाडाखाली आडवं व्हायचं. शेत बघायला, जेवायला कुणीही यावं. सर पिवळा सदरा इस्त्री करून आले होते. पंगत बसली. आक्कानं सरांच्या पेल्यात आंबील ओतली आणि मोठ्या खुशीत म्हणाली, "सर, तुमचं एक काम हलकं केलंय बघा."

"कोणतं?"

"काल सांजच्याला थोरल्यानं आमच्यात फवारलं. पंपात औषध उरलं हुतं. म्हटलं, वाया कशाला घालवायचं. तुमचं जेवढं काळं पडलं हुतं ना, तेवढंच नेमकं बघून मारून घेतलं. सणासुदीला रान असं रोगट कसं ठिवायचं, सर? लक्षुमी येती रानात."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कंट्रोल. सगळेच्या सगळे, एकही न चुकता, शोधून शोधून. पाऊस, म्हशी, बदली यांच्या तावडीतून सुटलेला प्रयोग, आणि आता हे. मी सरांकडं बघितलं. आता हा माणूस पेला फेकणार, असं मला वाटलं. त्यांनी पेला धरलेला हात गुडघ्यावर टेकवला.

"कोणतं औषध मारलं?" त्यांनी विचारलं. आक्कानं सांगितलं.

"फवारताना पोरानं तोंडाला फडकं बांधलं होतं का?"

"हाव, बांधलं हुतं. तुमीच सांगितलं हुतं न्हवं."

"मग ठीक," सर म्हणाले. आंबील संपवली आणि पेला पुढं केला. "अजून थोडी द्या. चांगली आंबलीय."

जेवण झाल्यावर ते एकटे बांध ओलांडून गेले. मी मागून गेले. मावा पानांवरून गळून मातीत पडला होता. काही पानांवर चिकटून तसाच वाळत होता. सरांनी सवयीनं भिंग डोळ्याला लावलं, मग खाली सोडलं. मला रागानं रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"आपण कशाला रडून राहिलो मॅडम?" ते म्हणाले. "रडायचं तर पाहुण्यांच्या घरच्यांनी."

वरच्या साहेबांनी फोनवर सरळ तोडगा सांगितला. दोन हंगामांचे आकडे आहेतच, त्यांच्या अंदाजानं तिसऱ्याचे भरा, कोण बघायला येतंय? बरंच खरं होतं ते. कुणीच आलं नसतं. सर म्हणाले, "साहेब, जे पाहुणे मांडवात नाहीत त्यांची हजेरी मी कशी लावू?" आणि अहवालात त्यांनी कारण लिहिलं: शेजाऱ्यांची दया. साहेबांना तो चेष्टेचा प्रकार वाटला. मी सरांना ओळखत होते. त्यांना दुसरं कारण सापडलंच नव्हतं.

शिफारस हातची गेली. पुढं एकदा मुरुडच्या बाजारात आक्का भेटली, आणि मी सगळं तिला सांगून मोकळी झाले. पंपात उरलेल्या औषधानं सरांच्या उभ्या नोकरीचं काय झालं ते, आवाज चढवून, भेंडीच्या ढिगाशेजारी उभं राहून. आक्का भेंडी न घेताच निघून गेली. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला झापलं. तसं त्यांनी मला कधीच झापलं नव्हतं. "तिनं मरतं पीक वाचवलं. आपण ते मारत होतो. बाहेरून बघणाऱ्यानं आणखी काय करायचं?" मला ते तेव्हा पटलं नाही, आणि सांगितल्याबद्दल आजही वाईट वाटत नाही.

निरोप समारंभाला सर पांढरा सदरा घालून आले. "आता कुणाला बोलवायचंय?" ते म्हणाले आणि हसले. ते हसू मला बघवलं नाही. आक्का शेवटच्या खुर्चीत डोक्यावरचा पदर सारखा करत बसली होती. भाषणं झाली, शाल-नारळ झालं, आणि ती न जेवता गेली.

पुढच्या थंडीपर्यंत मी नांदेडला दुसऱ्या नोकरीत रुळले होते. एक दिवस आक्काचा फोन आला. हॅलो वगैरे काही नाही. "येळवसीला ये. भिंग घिऊन ये."

बसमधून उतरले तेव्हाच लांबून दिसलं. आक्काचं सगळं वावर हिरवं, आणि मधोमध एक पट्टा काळा ठिक्कर, चिकट्यानं उन्हात चमकणारा. जवळ गेले तर थोरला पाठीवर रिकामा पंप घेऊन उभा, तोंड पाडून. "गावात तोंड दाखवायला जागा न्हाई," तो मला म्हणाला. "लोकं म्हणूलालेत, ह्याला फवारायचं जमंना. मी पंप घिऊन आलो की ही आडवी हुती."

"त्याला हात लावायचा न्हाई," आक्का कोपीतून ओरडली. "त्यो सरांचा हाय."

सिलिकॉन दिलेला एक पट्टा, औषधाचा एक, दोन्हीचा एक. सगळं सरांनी सांगितलं होतं तसं, तिला आठवत होतं तसं. आणि काळ्या पट्ट्यात, कमरेएवढ्या ज्वारीत, पिवळा सदरा. पाठ माझ्याकडं करून सर म्हणाले, "बघा बरं मॅडम, कुणी बसलंय का?"

पाठ भरली होती. आम्ही दुपारपर्यंत पानं मोजली. निकाल तोच आला, तिसऱ्यांदा. निवृत्त माणसानं शेजारणीच्या वावरात काढलेल्या आकड्यांना कुठल्याच बैठकीत जागा नव्हती, हे मला माहीत होतं, सरांनाही. ते तरीही गुणगुणत होते.

जेवणाआधी आंबील शिंपडायची वेळ झाली. आक्का आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी कळशी, घेऊन निघाली, मागं सगळी पोरंसोरं, "ओलगे ओलगे सालम पलगे" असा येळवसीचा घोष करत. कडुनिंबाची डहाळी बिंदगीत बुडवायची आणि पिकावर शिंपडायची. हिरव्या ज्वारीवर शिंपडत ती काळ्या पट्ट्यापाशी आली आणि थबकली. तिनं डहाळी बिंदगीतच धरली आणि सरांना विचारलं, "सर, हितं शिंपडू का नको? कंट्रोल हाय न्हवं."

सरांनी खरोखर विचार केला. भिंगाशी चाळा करत, डोळे बारीक करून. "सगळीकडं शिंपडलंय ना?" ते म्हणाले. "मग इथंही शिंपडा. फरक राहायला नको."

आक्कानं डहाळी बुडवली आणि कंट्रोलवर शिंपडली. इतर पट्ट्यांपेक्षा जराशी जास्तच शिंपडली. सरांनी ते पाहिलं, आणि मला म्हणाले, "वारा आहे आज."